डावा, उजवा आणि ब्रेक

सोरम, नॉर्थ डकोटा
२८ सप्टेंबर

तीर्थरूप आर्डिसताईस,

धाकट्या डेल्मरचा वाकून नमस्कार. (वाकलो तो कंबर धरल्यामुळे अजून तसाच आहे, त्यामुळे हा नमस्कार पत्र संपेपर्यंत चालू आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? केंट आणि सूनबाई मजेत असतील. तळघरातल्या तुझ्या खोलीत हीटर नीट चालतो ना? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तुझ्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाड्यांची फक्त चाकं दिसतात, आणि आता तू चाकांवरून माणसं ओळखतेस. वाचून मी खूप हसलो. संध्याकाळी पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांचं मत वेगळं असू शकेल, पण मी त्यांना विचारलेलं नाही.

पत्रास कारण असं की, कारण शेवटी येईल. आधी सांगितलं तर तू उरलेलं पत्र वाचायची नाहीस, मी काय ओळखत नाही तुला? फोनच केला असता, पण फोनवर भावोजींचं, हाल्वरचं नाव निघालं की तुझ्या ओव्हनमध्ये ताबडतोब काहीतरी करपायला लागतं आणि तू फोन ठेवतेस. दोन वर्षांत इतकं करपलंय की केंट उपाशीच झोपत असणार. पत्राला ही सोय नाही.

तर मी मोटारघर घेतलं हे तुला माहीत आहे. (त्यावर तू 'म्हातारचळ' हा शब्द वापरला होतास. मी तो मनावर घेतलेला नाही, फक्त लक्षात ठेवला आहे.) एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्या माणसाला चौतीस फुटांचं घर चालवणं काय जड? बसच ती. आत पलंग, शेगडी आणि संडास आहे, आणि मागे कोणी ओरडत नाही. पहिले दोन दिवस ते फार बरं वाटलं. पण हिवाळाभर ॲरिझोनाच्या वाळवंटात घर उभं करायचं, मग दूध संपलं तर काय अख्खं घर घेऊन दुकानात जायचं? म्हणून तिकडे जाणारे सगळे मागे एक छोटी गाडी बांधून नेतात. चारही चाकं रस्त्यावर, गिअर मोकळा, आत चिटपाखरू नाही, आणि गाडी आपली मुकाट्याने मागून येते. आणि माझ्याकडे छोटी गाडी म्हटली तर एकच, हाल्वरची लाल पिकप.

ती तू मला कशी दिलीस ते मी विसरलेलो नाही. हाल्वरला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात, लोक हॅमचे सँडविच खात तुझ्याभोवती हळू आवाजात बोलत होते, आणि तू किल्ली माझ्या तळहातावर आपटून म्हणालीस, "वीक, जाळ, काहीही कर. माझ्या डोळ्यांसमोर नको ती. तीस वर्षं 'पुढच्या वर्षी ॲरिझोनाला जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ' करत राहिला, आणि शेवटी गेला तो एकटाच." सगळ्यांनी एकदम कॉफीत बघायला सुरुवात केली. मीही कॉफीतच बघत होतो. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

असो. पिकप ओढायची तर तिच्या पुढच्या बंपरच्या आत, थेट चासीला, एक जाड लोखंडी पाट बोल्टने आवळावा लागतो. त्याला ओढायचा दांडा अडकवायचा, दोन्ही बाजूंनी साखळ्या, आणि दिव्यांची वायर, म्हणजे मी पुढे ब्रेक दाबला की पिकपचे मागचे दिवे लागतात. पिकप घेऊन मी ऑर्लिनच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. ऑर्लिन दिवसाला सात शब्द बोलतो, त्यातले चार त्याच्या कुत्रीशी. तो पिकपकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तूच उघड." मला नवल वाटलं, कारण ऑर्लिन स्वतःच्या पान्याला दुसऱ्याला हात लावू देत नाही. मी बंपर उघडला. या कामाला अर्धा दिवस जातो असं सगळे सांगतात. आमचं वीस मिनिटांत झालं. (का, ते पुढे येईल. ध्यानात ठेव.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकप मोटारघराला जोडली आणि चाचणी म्हणून गावातून एक फेरी मारायला निघालो. तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. दोन बोटं उचलली तर काहीतरी नातं लागतं. अख्खा हात उचलणारा माणूस परगावचा, नाहीतर निवडणुकीला उभा. आणि ताई, त्या दिवशी मी मुख्य रस्त्यावर वळलो तर लोकांनी दोन्ही हात वर केले! धान्याच्या कोठारासमोर उभी असलेली माणसं हात हलवत होती. पोस्टातून बाहेर येणारी बाई हातातली पाकिटं टाकून हात हलवायला लागली. मला वाटलं, बघा, एकतीस वर्षं यांची पोरं शाळेत पोचवली, कोणी कधी 'बरं चाललंय' म्हणालं नाही, पण मी चाललो म्हटल्यावर अख्खं गाव निरोप द्यायला बाहेर आलंय. माझे डोळे भरून आले. मीही हात हलवला. हॉर्न वाजवला. मग मर्लिस तिच्या कॅफेतून धावत बाहेर आली आणि एप्रन सोडून तो हवेत फिरवायला लागली. (चौऱ्याऐंशी साली मी मर्लिसला नाचाला येतेस का म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली होती, "बघते." मला वाटलं, झालं वाटतं बघून.) मी काच खाली करून टोपी काढली, तेव्हा तिचं बोलणं ऐकू आलं. "अरे येड्या, थांब! तुझी गाडी पेटलीय मागे!"

हँडब्रेक. पिकपचा हँडब्रेक मी ओढलेलाच ठेवला होता. मोटारघराला एवढी ताकद की मागे ब्रेक लागलाय हे त्याला कळतसुद्धा नाही. दोन मैल मी ती पिकप तशीच फरपटत आणली होती आणि मागच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. मर्लिसने दोन बादल्या पाणी ओतलं आणि तिसरी, मला वाटतं, मुद्दाम माझ्या बुटांवर ओतली. "निरोप? तुला?" ती म्हणाली. "जायच्या आधी जेवण भरून दिलेले माझे हॉटडिशचे डबे परत कर, मग देते निरोप." नवे टायर घातले, ब्रेकही बदलले. पण खरं सांगू का, ताई? लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त लागलं. ते दोन मैल मी फार सुखात होतो. आपण निघालो तर कोणाला तरी चुटपुट लागते, हे माणसाला किती हवं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरचा धडा पेट्रोल पंपावरचा. अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही. अजिबात नाही. पुढे हवं तेवढं जा. दोन फूट मागे घ्यायला गेलं तर पिकपची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि दांडा मोडतो. आणि मी, एकतीस वर्षं कुठल्याही अंगणातून बस उलटी बाहेर काढणारा, ऐटीत गेलो आणि थेट भिंतीसमोर उभा राहिलो. मागे चार ट्रक. मग उतरा, पिना काढा, साखळ्या काढा, पिकप बाजूला करा, मोटारघर मागे घ्या आणि पुन्हा जोडा. आणि ते एकट्याने! पिकप पुढे घ्यायची, उतरून बघायचं, एक वीत डावीकडे राहिली, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. सहा वेळा. सातव्या वेळी एक ट्रकवाला म्हणाला, "आजोबा, तुमचं माणूस कुठंय?" म्हणजे जोडीचं माणूस. तिकडे जाणारी सगळी जोडप्यानेच जातात. एक गाडीत बसतं, दुसरं उभं राहून हाताने खुणा करतं, आणि त्यांची काय भांडणं होतात म्हणतेस!

आणि मला एकदम शेत आठवलं. कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला धान्याचा गाडा जोडायचा असायचा तेव्हा मी ट्रॅक्टरवर आणि तू मागे, हातात पिन घेऊन. इंजिनाच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही. तू नुसती कोपरं हलवायचीस. डावं कोपर, उजवं कोपर, मग दोन्ही मुठी वर: थांब. मी एकदाही चुकलो नाही, कारण मी गाड्याकडे बघायचोच नाही, तुझ्याकडे बघायचो. मग तू पिन टाकायचीस, ती खट्कन बसायची आणि तू मान हलवायचीस. पन्नास वर्षांहून जास्त झाली. माझ्यामागे उभं राहून मला वाट दाखवणारं माणूस पुन्हा कोणी मिळालं नाही. मिळावं म्हणून मी फारसं काही केलंही नाही, हेही खरं.

दिव्यांचं तर विचारूच नकोस. रोज सकाळी निघण्याआधी दिवे तपासायचे असतात. ब्रेकवर पाय इथे, दिवा साठ फूट मागे. पेडल आणि सीटच्या मध्ये झाडू अडकवून मी मागे धावलो. पोचेपर्यंत झाडू निसटून हॉर्नवर. मग मर्लिसच्या कॅफेच्या काचेत प्रतिबिंब दिसेल म्हणून पिकपची पाठ तिकडे येईल अशी गाडी लावली, तर आत नाश्ता करणाऱ्यांना वाटलं मी मदतीसाठी खुणा करतोय, आणि सहा जण बादल्या घेऊन आले. शेवटी ऑर्लिनला मागे उभं केलं. डावा लावला, उजवा लावला, ब्रेक दाबला. तो म्हणाला, "हं." आता एका 'हं'वरून तीन दिव्यांचं माणसाने काय समजायचं?

तरीही बारा ऑक्टोबरला बर्फाच्या आधी मी निघणार आहे. मोटारघराच्या मागे कॅमेरा आहे आणि त्यात पिकपची काच दिसते. वळणावर तिचं स्टिअरिंग आपोआप फिरतं, सीटवर कोणी नसताना. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "हाल्वर, जरा सावकाश." त्यानंतर कॅमेऱ्यात बघायला मला आवडायला लागलं. वेडा म्हण हवं तर.

केंट आणि सूनबाईंना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल, लहानपणापासून घालत आलीच आहेस.

तुझा,
डेल्मर

ता. क. : कारण लिहायचं राहिलं. पिकप ओढताना स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून एक किल्ली आतच लावून ठेवावी लागते, आणि दारं बंद करायला दुसरी लागते. दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे. पाठवून दे. एवढंच काम होतं.

पुन्हा ता. क. : किल्ल्या टपालात हरवतात असं ऐकतो. (ऑर्लिनच्या शेजारी दहा मिनिटांत नवी करून मिळते हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, म्हणून आधीच सांगितलं.) तेव्हा तूच घेऊन ये. येताना ती उन्हाची टोपी आण, एक्क्याण्णव साली घेतलेली, जिची चिठ्ठीसुद्धा तू अजून काढलेली नाहीस.

शेवटचा ता. क., आणि याच्यासाठीच बाकीचं पत्र लिहिलं : बंपर उघडला तेव्हा पाट आत बसवलेलाच होता, ताई. बोल्ट आवळलेले, वायर मागच्या दिव्यांपर्यंत नेलेली, सगळं नवं कोरं, एकदाही न वापरलेलं. मी ऑर्लिनकडे बघितलं. त्याने दोन दिवसांचे सगळे शब्द एकदम खर्च केले : "हाल्वरनं केलं. सांगू नको म्हणाला. तिला ऐनवेळी दाखवणार होता." बंपरच्या आतल्या अंगाला चिकटपट्टी होती, त्याच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, तारीख तीन सप्टेंबर, म्हणजे तो गेला त्याच्या पाच आठवडे आधीची. पिना. साखळ्या. वायर. गिअर मोकळा. हँडब्रेक, दोनदा बघ, गाढवा. आणि शेवटची ओळ : दिवे आर्डिस सांगेल.

हँडब्रेकचं मी वाचलं होतं. पण शेवटच्या ओळीशी पोचल्यावर वरचं काही डोक्यात राहिलं नाही. म्हणून तो धूर. त्या वेळी तो 'पुढच्या वर्षी' म्हणत नव्हता, ताई; मोटारघर भाड्याने घ्यायचं तेवढं राहिलं असणार. त्याला खरंच निघायचं होतं, आणि तुला घेऊन निघायचं होतं. चिकटपट्टी मी काढलेली नाही. ती तू स्वतः बघ.

केंटची गल्ली पुढे बंद आहे आणि मला मागे घेता येत नाही, तेव्हा दाराशी येणार नाही. तुझ्या खिडकीतून माझी दहा चाकं दिसायची नाहीत. तेरा तारखेला सकाळी दहा वाजता कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याला उभा असेन. तू सरळ मागे जा आणि पिकपच्या पाठीशी उभी राहा. उजवा दिवा लागतो की नाही ते मला अजून कळलेलं नाही. तू सांगेपर्यंत मी ब्रेकवर पाय ठेवून बसतो.