मेंढवाडा आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, मेंढपाळाची विधवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस घातलं नसताना हे लिहून ठेवते. शुद्धीत आहे हे नुसतं माझं म्हणणं नाही. डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे आणि तो कसा मिळाला तेही सांगणार आहे, कारण त्यावरून घरात बोलाचाली झाली. वकीलबाईंनी मजकूर आटोपशीर लिहायला सांगितलं होतं. बाई चांगल्या आहेत, पण त्यांनी कधी जनावर पाळलेलं नाही.

माझे यजमान, ज्यांना मी जन्मभर ‘हे’ म्हटलं आणि या कागदातही तसंच म्हणणार आहे, हयात नाहीत. मुलं दोन, थोरला आणि लेक. दीर एक. तेही हयात आहेत.

कलम १. राहतं घर, भांडीकुंडी आणि अंगण लेकीला द्यावं. स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या कोपऱ्यात फरशी काळपट झाली आहे, ती तिने बदलू नये. आई मेलेली कोकरं आम्ही तिथे खोक्यात ठेवून बाटलीने दूध पाजायचो. लेक शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आधी तिचा हात खोक्यात. कोकरू बोट चोखायचं आणि ही पोर खुळ्यासारखी हसत बसायची. काही कोकरं जगली, काही सकाळी गार सापडली. तेव्हा ती शाळेत न जेवता परत यायची. आज ती इस्पितळात वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत परिचारिका आहे. मला म्हणाली, “आई, तिथे मला फारसं शिकवावं लागलंच नाही गं.”

कलम २. बँकेत जे काही असेल ते थोरल्याचं. जमीन त्याला एकट्याला देत नाही, याचा त्याने राग मानू नये. त्याचं आणि जनावरांचं कधी जमलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी एका मेंढीने त्याची गणिताची वही खाल्ली. ह्यांनी मेंढीला काही न बोलता त्यालाच विचारलं, “खाली कशाला ठेवलीस?” ते त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही. चूक मेंढीची होती, हे मी इथे लेखी मान्य करते.

कलम ३. वरचं शेत दोघा मुलांच्या नावे राहील, पण ते विकायचं नाही, नांगरायचं नाही, तिथे पाया खणायचा नाही. कारण मुलांना ठाऊक आहे. नातवंडांना कोणी सांगणार नाही म्हणून लिहिते.

धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, बाजारातून एक मेंढा घेऊन आले. देखणा, रुंद कपाळाचा, मागच्या पायाने किंचित लंगडणारा. स्वस्तात मिळाला म्हणून भाऊजी खूष, आणि भाऊ आपणहून काही घेऊन आला म्हणून हे खूष. मी म्हटलं, “पाय का ओढतोय?” भाऊजी म्हणाले, “प्रवासात आखडला असेल, वहिनी. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.”

तो आखडला नव्हता. रोग कळपात पसरला आणि डॉक्टरीणबाई आल्या. आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर, तेव्हा अगदी नव्या. त्यांनी तोंडं तपासली, खुरं तपासली आणि बराच वेळ हातच धूत राहिल्या. वरून हुकूम आला. आजारी असो वा धडधाकट, कळपातलं एकही जनावर जिवंत ठेवायचं नाही.

माणसं मेंढ्यांना ओढायला लागली तेव्हा त्या बिथरल्या. हे म्हणाले, “थांबा. मी आणतो.” मग चरायला नेताना घालायचे तशी साद घातली आणि पुढे चालू लागले. मेंढ्या त्यांच्या मागे वरच्या शेताकडे निघाल्या. खुशीत निघाल्या, उड्या मारत. मला आजही तेच दिसतं. पुढचं मी पाहिलं नाही; सगळ्या तिथेच पुरल्या, एवढं ठाऊक आहे. मी घरात हवालदाराला धरून बसले होते. हवालदार म्हणजे आमचा राखणीचा कुत्रा. तो आधी भुंकला, मग रडला, मग दाराकडे तोंड करून नुसता उभा राहिला.

हे त्यानंतर फारसं बोलले नाहीत. वर्षाच्या आत गेले. दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय. लिहू देत.

कलम ४. मेंढवाडा. तो कोणाला द्यायचा ते पुढच्या कलमांत येईल, आधी त्याबद्दलची हकिकत.

सगळं झाल्यावर मी हवालदाराला सोडला. तो टेकडीवर पळत गेला आणि ऊन उतरल्यावर परत आला, तो एकटा आल्यासारखा आला नाही. अंग जमिनीला टेकवत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे धावत, मागे राहिलेल्याला हुसकावत आला. मेंढवाड्याच्या दाराशी थांबून माझ्याकडे बघू लागला. मी दार उघडलं. मुक्या जिवाचं मन राखावं, एवढंच मनात होतं. त्याने सगळ्यांना आत घातलं, मी कडी लावली, तेव्हा कुठे तो भाकरीला तोंड लावायला आला.

असं रोज चाललं. हे अजून हयात होते तेव्हा, एका संध्याकाळी मला खुरं ऐकू आली. टोपल्यातून वाळल्या शेंगा ओताव्यात तसा आवाज, आणि मागोमाग ओल्या लोकरीचा वास. मी कडी लावून घरात आले तर हे खिडकीशी उभे.

“आल्या सगळ्या?”

“आल्या,” मी म्हटलं.

नवरा-बायकोत यापलीकडे या विषयावर बोलणं झालं नाही. पण त्या रात्री ते पोटभर जेवले.

हवालदार पुढे म्हातारा होऊन पायरीवर उन्हात झोपेतच गेला. त्याला मी पेरूच्या झाडाखाली पुरला आणि समजले, संपलं. दार उघडायला गेले नाही. ऊन उतरलं आणि मेंढवाड्याच्या दारावर खालच्या बाजूला नखं घासल्याचा आवाज आला. मी जाऊन दार उघडलं. तेव्हापासून रोज उघडते.

कलम ५. दाखला. थोरल्याच्या कानावर हे गेलं. वरच्या शेताचे प्लॉट पाडायचं त्याच्या डोक्यात होतंच, तो मनाच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर पायरीवर बसून चहा प्यायले. मला वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी केले. मग त्यांनी मेंढ्यांचं विचारलं. मी जे लिहिलंय तेच सांगितलं.

बोलता बोलता ऊन उतरलं. कुंपणावर आमचा बोका पसरला होता, तो उठून छपरावर गेला. तो रोज त्या वेळी जातो. मी दार उघडायला उठले. मागे वळून पाहिलं तर डॉक्टरांनी पाय वर घेतले होते आणि कपबशी छातीशी धरली होती.

थोरला म्हणाला, “डॉक्टर, पाय का उचललेत?”

डॉक्टर आपल्याच पायांकडे बघत राहिले. “वाट दिली,” म्हणाले. मग स्वतःच्या बोलण्याने दचकले.

दाखला त्यांनी तिथेच बसून लिहिला. थोरला त्यानंतर सकाळच्या गाडीने येतो आणि दुपारी जेवून परत जातो. प्लॉटचं नाव काढत नाही.

कलम ६. भाऊजींशी मी त्या दिवसापासून बोलले नव्हते. तेही अंगणात आले नाहीत, भावाला पोचवायला आले तेवढेच. पण रोज संध्याकाळी कुंपणापलीकडे येऊन उभे राहायचे. माझी दशा बघायला येतात असं मी धरून चालले होते. या महिन्यात मला ताप येऊन गेला आणि दार कोण उघडेल या काळजीने मी त्यांना हाक मारली.

“भाऊजी, आत या.”

“नको वहिनी. इथूनच बरं.”

“मग रोज येता कशाला?”

त्यांनी टोपी काढली, परत घातली. “तो आत जातो का ते बघायला.”

“कोण तो?”

“माझा मेंढा. सगळ्या जातात. तो दाराबाहेर थांबतो, वहिनी. तुम्ही कडी लावता आणि तो माझ्याकडे बघतो.”

शेवटची मेंढी आत गेली की मी कडी लावत होते. तिच्या मागे आणखी कोणी लंगडत येत असेल हे मला कधी सुचलंच नाही.

मी दार धरून उभी राहिले. भाऊजी फाटकातून आत आले. किंचित वाकून, एखाद्या मानेवर ठेवावा तसा हात धरून, पावलागणिक थांबत ते मेंढवाड्यात गेले. खूप वेळाने बाहेर आले. तळहात नाकाशी नेला आणि लहान मुलासारखे रडले.

“थंडीत काकडला असेल हो इतकी वर्षं,” म्हणाले.

मी त्यांना माफ केलं असं इथे लिहीत नाही. ह्यांचा चेहरा आठवला की लिहवत नाही. परंतु मेंढवाडा, त्याची किल्ली आणि लोकर कातरायच्या कात्र्या भाऊजींना द्याव्यात. रोज संध्याकाळी दार उघडणं त्यांच्याकडे राहील. दार घाईने लावू नये.

कलम ७. बोका कोणाच्याच मालकीचा नाही. तो आपली सोय बघेल.

कलम ८. माझ्या देहाचं काय करायचं ते लेक ठरवेल. मी गेल्यानंतर एखाद्या संध्याकाळी काहीच आलं नाही, बोकाही कुंपणावरून हलला नाही, तर भाऊजींनी घाबरू नये आणि टेकडीवर शोधायला जाऊ नये. मी मेंढ्यांना लांब चरायला नेलं असेल. दार उघडं टाकून खुशाल घरी जावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही.

साक्षीदार दुसरा: जनावरांच्या डॉक्टरीणबाई. त्या आधी नाही म्हणाल्या. “मावशी, मी कुठल्या तोंडाने तुमच्या दारात येऊ?” मी म्हटलं, “हुकूम तुमचा नव्हता. पेन घेऊन या.” सही.

लिहून देणार: मी. सही.

ठिकाण: घराची पायरी.
दिनांक: अकरा फेब्रुवारी.
वेळ: ऊन उतरायच्या आत. पुढे मला काम आहे.