न चोरलेल्या भट्टीबद्दल क्षमा मिळण्याबाबत

मु. यारोकी, द्निस्तर नदीकाठ
पोक्रोवाच्या सणाआधीचा चौथा रविवार

माननीय कूम ओमेल्को यांस, कूम युखिमचा टोपी काढून नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा तुमची पाठ दुखत नसेल, लिस्बनमध्ये ऊन बेताचं असेल आणि तिथले लोक तुम्हाला विटांसकट कुठल्याही मजल्यावर चढवत नसतील, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. गाय ठीक आहे. आमची घरधनीण मोत्र्या ठीक आहे (सध्या माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे माझीही तब्येत सुधारली आहे). तुमची बायको स्तेपानिदा तर फारच ठीक आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. तुमची लेक, म्हणजे माझी धर्मकन्या उल्याना, परवा नातवाला घेऊन येऊन गेली. पोराचं नाक अगदी तुमच्यावर गेलंय, पण अजून लहान आहे, सुधारेल. लहानपणी आपण एकाच काठीने गुरं हाकली आणि एकमेकांना काय काय शिव्या दिल्या, पण मी उल्यानाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं त्या दिवसापासून आपण कूम झालो आणि 'अरे'चं 'अहो' झालं. तो मान मी आजवर पाळला आहे. तुम्ही तो पाळावा असा प्रसंग आता आला आहे, म्हणून आठवण दिली.

तुम्ही विचारलंत, की तुमचा पोर्तुगीज मुकादम सुट्टीत बायकोसह आपल्या पोदिल्यात यायचं म्हणतो, तर त्याला इथली प्रेक्षणीय स्थळं कोणती दाखवावीत. त्याला सांगा, तुझ्या घरामागे समुद्र आहे, तो बघ आणि गप्प बस. हे मी चिडून लिहीत नाही (चिडूनच लिहितो आहे), अनुभवाने लिहितो. आपल्या भागातलं ऐतिहासिक, धार्मिक आणि नैसर्गिक असं जे काही आहे, ते मी एका दिवसात बघून आलो आहे आणि त्यातून अजून सावरलेलो नाही.

झालं असं, की निवडणूक जवळ आली आणि आपले सरपंच हेरासिम यांना गावाबद्दल एकाएकी प्रेम वाटू लागलं. त्या प्रेमापोटी त्यांनी 'आपला प्रदेश ओळखा' म्हणून सहल काढली. आता साठ वर्षं मी या प्रदेशात चिखल तुडवतो आहे, माझी आणि त्याची चांगली ओळख आहे. पण मोत्र्या म्हणाली, फुकट आहे. बस आली ती अशी, की तिलाच आधी संग्रहालयात ठेवायला हवं होतं. ड्रायव्हरसमोर सात संतांच्या तसबिरी होत्या आणि ब्रेक दाबल्यावर तो त्यांच्याकडेच बघायचा. गावाची वेस ओलांडायच्या आत बायकांनी डबे उघडले. उकडलेली अंडी, खारवलेल्या काकड्या, कोबीच्या पानातला भात, लसूण लावलेली डुकराची चरबी. पहिलं प्रेक्षणीय स्थळ यायच्या आत अर्धी बस जेवून झोपली होती. तालुक्याहून एक गाईडबाई पाठवली होती. ती बिचारी माईक हातात धरून घोरणाऱ्या लोकांना तुर्कांच्या स्वाऱ्या सांगत होती.

पहिला किल्ला. किल्ला म्हणजे दीड भिंत. मूळच्या चार होत्या, पण बाकीच्या अडीच कुठे गेल्या हे गाईडबाईने तुर्कांच्या माथी मारलं. तुमच्या आजोबांनी डुकरांचा गोठा कशाने बांधला हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. उरलेल्या दीड भिंतीवर 'हे स्मारक राज्याच्या संरक्षणाखाली आहे' अशी लोखंडी पाटी आहे, आणि माझ्या मते भिंत त्या पाटीच्याच आधाराने उभी आहे. राज्याच्या वतीने तिथे शेळ्या राहतात. गाईडबाई बुरुजाकडे बोट दाखवून "या झरोक्यातून शत्रूवर उकळतं डांबर ओतत" असं सांगत असताना त्यातल्या एका शेळीने मोत्र्याची पिशवी पळवली. पाव खाल्ला, रुमाल खाल्ला, शेवटी पिशवीचे बंदही खाल्ले. उरलेली उकडलेली अंडी आणि सॉसेजचं वेटोळं मोत्र्याने माझ्या कोटाच्या आतल्या खिशांत कोंबलं. हे लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं, त्याची सुरुवात त्या शेळीपासून आहे.

मग धबधबा. उंची माझ्याएवढी, टोपी घालून. त्याच्या शेजारी एक खडक, आणि त्या खडकावरून अर्थातच एका सुंदर मुलीने तातारांच्या हाती लागण्यापेक्षा उडी मारून जीव दिला होता. कूम, आपल्या भागात असा एक दगड दाखवा जिथून मुलीने उडी मारलेली नाही. एवढ्या सगळ्या जर उड्या मारून गेल्या, तर आपल्या आज्या कुठून आल्या? मी हे गाईडबाईला नीट, आदबीने विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसमध्ये बसलात तरी चालेल." धबधब्याखालच्या झऱ्याचं पाणी पवित्र आहे म्हणतात, म्हणून मोत्र्याने एक भलीमोठी बाटली भरली आणि पिशवी नसल्यामुळे तीही माझ्याच कोटात, पोटावर खोचली. त्या अवस्थेत मी धार्मिक स्थळाकडे निघालो.

साधू साव्वाचा मठ तुम्ही पाहिलेला नाही, पाहूही नका. नदीवरच्या कड्यात कोरलेल्या चार खोल्या आहेत, आणि आतल्या खोलीत जायला खडकात एक फट आहे. साधू म्हणे त्या फटीतून रांगत जायचा. तो आयुष्यभर वाळक्या शेंगा खाऊन राहिला होता, त्यामुळे त्याला जमत असेल. आता लोकांची श्रद्धा अशी, की ज्याच्या मनात कबूल न केलेलं पाप आहे तो त्या फटीत अडकतो, आणि पाप बोलल्याशिवाय सुटत नाही. (खोलीला दुसऱ्या बाजूने चांगला दगडी जिना आहे. मोत्र्या आणि तुमची स्तेपानिदा गुडघे दुखतात म्हणून जिन्यानेच गेल्या.) आमच्यातला एकेक जण रांगत गेला. सरपंच हेरासिम गेले. तो माणूस, ज्याने शाळेच्या छपराचे पत्रे कुठे नेले ते देवालाही ठाऊक नाही, सापासारखा सळसळत पलीकडे गेला. मग मी घुसलो आणि छातीपर्यंत जाऊन घट्ट बसलो.

पुढे अंधार. तोंडासमोर एक म्हातारा साधू मेणबत्ती घेऊन बसलेला, ती नेमकी माझ्या डोळ्यांवर. मागे अर्धं गाव, आणि त्यांच्या पुढे आपले पाद्री येव्हेन. त्यांनी माझे पाय धरून ढकलायला सुरुवात केली, त्यांचं बळ तुम्हाला माहीत आहे. मी हललो नाही. म्हातारा म्हणाला, "काही राहिलंय का रे बाळा मनात?" मी म्हटलं, कोटात राहिलंय. त्याला ऐकू कमी येतं. मग मी सांगायला लागलो. प्रवचनात झोपतो. उपासाच्या दिवशी सॉसेज खाल्लं. चर्चमधला करपो स्तोत्रं म्हणायला लागला की तो गारठून आजारी पडावा असं मनात येतं. काही उपयोग नाही. मागून सरपंचांचा मेव्हणा ओरडला, "युखिमकाका, मोठं काहीतरी सांगा, ड्रायव्हर जातो म्हणतोय." मला श्वास घेता येईना. सॉसेज फासळ्यांत रुतलं होतं. आणि तेवढ्यात अंधारातून एक बाई हळूच म्हणाली, "ओमेल्कोच्या भट्टीचं बोल आणि मोकळा हो."

आता तुमची तांब्याची भट्टी उल्यानाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली, लग्नात घरची दारू नव्हती म्हणून दुकानातली आणावी लागली आणि त्यावरून तुमच्या व्याह्यांनी अजून नाक मुरडणं सोडलेलं नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तिला मी हात लावलेला नाही, हे मला माहीत आहे. पण त्या घडीला मला फक्त बाहेर पडायचं होतं. मी पोटातला सगळा जोर लावून ओरडलो, "मी चोरली! कुमाची भट्टी मी चोरली!" आणि कूम, त्या जोराने कोटातल्या बाटलीचं झाकण उडालं, पवित्र पाणी भसकन बाहेर आलं, अंड्यांचा चेंदा झाला, आणि मी बाळासारखा घसरत पलीकडे पडलो. फटीतून पाणी गळत होतं. बायका गुडघ्यांवर बसल्या. खडक रडला म्हणे.

तेव्हापासून मी चोर आहे. साधासुधा नाही, चमत्काराने सिद्ध झालेला. कोर्टाने ठरवलं असतं तर वरच्या कोर्टात गेलो असतो, पण खडकाच्या वर कोण आहे? मी झाकणाचं सांगितलं तर लोक म्हणतात, आता देवावर पण ढकलतोस का. मोत्र्या त्या दिवसापासून बोलत नाही. गाईडबाई आता बस घेऊन येते तेव्हा 'रडणारा खडक' दाखवते आणि माझं नाव, आडनाव आणि गाव सांगते. माझ्या कोटाची दोन बटणं तिथे काचेखाली ठेवली आहेत. म्हणजे तुमच्या मुकादमाला प्रेक्षणीय स्थळ हवंच असेल तर माझ्या फाटकासमोर उभा राहू दे, काल काम्यानेत्सहून आलेलं एक जोडपं उभं होतं, त्यांनी माझा फोटो काढला आणि बाई म्हणाली, "तसा चेहऱ्यावरून वाटत नाही."

हे सगळं मी सोसलं असतं. पण पाद्री येव्हेन यांनी मला स्तोत्रं म्हणायला आणि शास्त्रपाठ वाचायला मनाई केली आहे. ज्याची वस्तू चोरली त्याने क्षमा केल्याशिवाय गाणाऱ्याच्या जागी उभं राहायचं नाही, असा निकाल दिला. आपल्या चर्चचा सण, पोक्रोवा, महिन्यावर आला. बापाच्या मागून त्या जागी मी उभा राहिलो, केस पिकले तिथेच. यंदा तिथे करपो उभा राहणार. करपोचा आवाज तुम्ही ऐकला आहे, फाटकाला तेल घातलं तर ते जास्त चांगलं गातं. मागच्या रविवारी मी दाराजवळ भिकाऱ्यांमध्ये उभा होतो. त्याने दोनदा ओळ चुकवली, आणि मला तोंड मिटून ऐकावं लागलं. कूम, मला रडू आलं. हे मी तुमच्याशिवाय कोणाला सांगू शकलो नसतो, कारण आता कोणी माझ्याशी बोलतच नाही.

एकटी तुमची स्तेपानिदा तेवढी अजब वागते आहे. जिची भट्टी मी चोरली, ती बाई रोज कुंपणावरून खसखशीचे गोड रोल पाठवते. अठ्ठावीस वर्षं शेजारी राहतो, कधी चमचाभर साय दिली नव्हती. काल म्हणाली, "युखिम, तुम्ही भले माणूस आहात," आणि डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत आत गेली. मी रोल खाल्ले, रोल चांगले होते.

असो. तुमच्या पाठीला ऊब लावा. तिकडचे मासे खाताना काट्यांकडे लक्ष ठेवा. लहानांना आशीर्वाद द्यायला तिथे कोणी असतील तर माझाही द्या.

तुमचा कूम आणि या प्रदेशातलं सर्वात नवं प्रेक्षणीय स्थळ,
युखिम

ता. क. तर विनंती अशी, की 'माझी भट्टी चोरल्याबद्दल कूम युखिम यास मी मोठ्या मनाने क्षमा करतो' एवढं स्वतःच्या हाताने लिहून पाद्री येव्हेन यांच्या नावे ताबडतोब पाठवावं. 'मोठ्या मनाने' गाळू नका, ते सगळ्यांसमोर वाचलं जाणार आहे. चोरली नाही वगैरे काही लिहू नका. त्याने खडक खोटा ठरेल, आणि खडक खोटा ठरला तर सरपंच निवडणुकीत पडतील, मग ते रिकाम्या वेळात इथे येऊन बसतील.

आणखी एक ता. क. हे लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. सरपंचांनी गाळ काढायला तळ्याचं पाणी सोडलं आहे. परवा गाय हाकायला गेलो, तर जुन्या वाळुंजाच्या झाडाखाली चिखलातून तांब्याची नळी वर आलेली. तुमचीच भट्टी, तळाशी तुम्ही डाग दिलेली. स्वयंपाकघरातल्या चादरीत गुंडाळलेली, आणि चादरीवर मोत्र्याच्या हातचं लाल भरतकाम. तेव्हा आठवलं, की त्या अंधारात मला भट्टीचं बोलायला सांगणारा आवाज मी रोज सकाळी माझ्याच घरात ऐकत आलो होतो. आणि गुडघ्यांचं म्हणाल, तर त्या दोघी चेरी काढायला अजून झाडावर चढतात. एक भट्टी दोघींनी मिळूनच वाहून नेली असणार, एकीला पेलली नसती.

शेवटची ता. क. स्तेपानिदाला काही विचारू नका. तुमच्या थोरल्याच्या लग्नात घरची दारू पिऊन तुम्ही जेवणाआधीच विहिरीत उतरून झोपला होता, ते सगळ्यांना आठवतं. उल्यानाच्या लग्नात मात्र तुम्ही शेवटपर्यंत उभे होता आणि तिच्याबरोबर नाचलात. ती परवा आली तेव्हा पोराला तेच सांगत होती. म्हणून मी ती भट्टी पायाने परत चिखलात दाबली, वर दोन दगड ठेवले. चोर मीच बरा आहे. तेवढी क्षमा मात्र सणाआधी पोचेल अशी पाठवा, करपो रोज सराव करतो आहे.