कारंज्याखालची ओंजळ

२ एप्रिल

आजपासून माझी रोजनिशी. लिहिणार मोबाईल, मी फक्त बोलणार. अक्षरांशी माझं जन्मात जमलं नाही, पण नात यशोधरा म्हणाली, आजी, तू नुसती बडबड, हा सगळं उतरवून घेतो. माझ्या बडबडीला या घराण्यात पहिल्यांदाच मान मिळाला. संध्याकाळी यशू मला वाचून दाखवणार.

कालच कर्जतहून आले. मुलानं, नितीननं, नागापूरला कारखान्याजवळ घर घेतलंय. तो, सून सायली, यशू आणि आता मी. मागच्या अंगणात गोल तळं आहे. आधीच्या मालकानं जुना आड बुजवून वर केलेलं. कमरेइतकं पाणी, दोन कमळं आणि एक आळशी बेडूक. बेडकाशी माझं लगेच पटलं. दोघांनाही काम नाही.

५ एप्रिल

नितीननं मोडक्या कूलरची मोटार काढून तळ्यात विटेवर ठेवली. तिला पाईप, पाईपाच्या तोंडाला शॉवरची जाळी. बटण दाबलं आणि कारंजं माझ्या डोक्यापर्यंत उडालं! मी म्हटलं, "आमच्याकडं प्यायला टँकर, अन् तुझ्याकडं पानी नाचतंय व्हय रे?"

यशूनं काठावर बसून धारेखाली ओंजळ धरली आणि प्यायली. बेडकाचं तीर्थ घेतलंस, म्हणून मी चिडवलं खरं, पण मला बघवलं नाही. लहानपणी गावच्या विहिरीवर आम्ही असंच प्यायचो. विहिरीला शिवायचं नाही. खाली बसून ओंजळ धरायची, कुणाला दया आली तर ते वरून धार धरणार. यशूला यातलं काही सांगितलं नाही. नव्या घरात कशाला?

७ एप्रिल

तळं रोज चार बोटं उतरतंय. नितीन म्हणतो, ऊन पितंय. मी म्हटलं, मग ऊन ओल्या पायांनी फरशीवर का फिरतंय? पावलं तळ्यापासून घराकडं येतात, तीन हातांवर थांबतात. परत गेलेली दिसत नाहीत.

यशूला सारखी तहान लागते. काल अख्खा माठ संपवला. पाणी वाढा माय. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर ठीक आहे म्हणाले.

८ एप्रिल

यशू कालचं वाचता वाचता थांबली. मधेच "पाणी वाढा माय" लिहिलेलं. मी बोलले नव्हते. यशू हसली, म्हणाली, आजी, तूच पुटपुटली असशील. हसताना तिचा ओठ फुटला.

ते शब्द मी सत्तर वर्षांत तोंडातून काढले नाहीत.

१० एप्रिल

भर दुपारी कारंजं बघत बसले. एका बाजूची धार खाली पडत नव्हती. काठाशी, बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पाणी हवेतच साचत होतं. वाटीएवढं. बोटांच्या फटीतून गळावं तसं गळत होतं. मग घोटाघोटानं नाहीसं झालं.

शेजारच्या मनकर्णाबाईंना विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात या आडावर एक बाई दिवसभर ओंजळ धरून बसली होती. कुणी वाढलं नाही. ओंजळ धरूनच गेली.

१२ एप्रिल

शनिवार. लाईट नाही, कारंजं बंद. ओली पावलं मागच्या दारापर्यंत.

यशूला घरीच तीन सलाईन लावल्या. घसा कोरडाच. डॉक्टर नितीनला बाजूला घेऊन म्हणाले, दोन दिवसांत उतार पडला नाही तर पोर हातची जाईल.

मी तांब्या घेऊन तळ्यावर गेले. उंचावरून धार धरली. हवेत ओंजळ भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. तांब्यावर तांब्या— तहान भागेना—

मग माझाच हात दिसला मला. उंच धरलेला. विहिरीवरच्या त्यांच्यासारखा.

१४ एप्रिल

जयंतीचे भोंगे वाजतायत, लांब. नितीन गाडी आणायला गेलाय, यशूला पुण्याला न्यायचंय. सायली तिच्या उशाशी. पोर डोळे उघडत नाही.

मला कळलंय. वरून नाही वाढायचं.

मोटार बंद केली. काठावर बसलेय, त्या आडावरच्या बाईच्या शेजारी. घे माय. शिव तांब्याला. हातात घे—

घेतला. गार बोटं— माझ्या बोटांवर— पितेय, गटागटा—

आतून यशू ओरडली, आजी, तहान गेली! सायली रडतेय, हसतेय—

गेली गं बाई. लई ब्येस झालं.

तांब्या रिकामा झालाय. ती माझा हात सोडत मातूर न्हाई. माझा घसा— यशू, हिकडं येऊ नगंस— कारंजं लावू नगा— मी मागितलं तरी—

पानी वा—