गाळलेली पानं

३ ऑक्टोबर
दात गेला! वरचा, समोरचाच. ती वाचनालयाचं काउंटर सांभाळते, मी तिच्याशी दोन शब्द जास्त बोललो – एवढाच गुन्हा. तिचा थोरला भाऊ (सगळे त्याला बैल म्हणतात, उगाच नाही) भर रस्त्यात आडवा आला आणि सरळ तोंडावर ठोसा. "कॉलेज अर्धवट सोडून खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड करतोस, आणि माझ्या बहिणीकडे बघतोस?" रक्त गिळलं. खारट. सोडणार नाही त्याला!

५ ऑक्टोबर
तिनं आज एक जाडजूड कादंबरी माझ्याकडे सरकवली. "वाच. सगळी वाच हं." येशूच्या काळातली. मी नाक मुरडलं – पण काय पेटलीय! पहिल्याच प्रकरणात रोमी शिपाई नायकाच्या भावाला खिळे ठोकतात, मनगटाचं हाड मोडलेलं ऐकू येतं. मग हा पठ्ठ्या अंगरख्यात सुरा लपवून सणाच्या गर्दीत शिरतो, शिपायाच्या बरगडीत खुपसतो आणि बाकीच्यांबरोबर स्वतःच "खून! खून!" ओरडत सुटतो. वा!
जेवायचं राहिलं. आई म्हणाली, "आता पुस्तकच खा!"

६ ऑक्टोबर
मधेमधे येशू बोलायला लागला की मारामारी थांबते. ती पानं मी गाळतो.

८ ऑक्टोबर
शेडमध्ये जुनी कानस ग्राइंडरवर धरली. ठिणग्या, पाणी, पुन्हा ठिणग्या. शेठनं विचारलं, "काय चाललंय?" म्हटलं, "छिन्नी." मुठीला चिंधी गुंडाळली, नायकासारखीच. बैलाची मान डोळ्यासमोरून हलत नाही.

९ ऑक्टोबर
ती म्हणाली, "बागेतलं प्रकरण वाचलंस?"
गाळलं होतं. "वाचलं की! भारीय!"
तिचे डोळे भरले. "मग बरं झालं. मग दादाला पाठवते. उद्या दुपारी, तुमच्या शेडमागे. एकटाच येईल."
म्हणजे तिलाही तेच हवंय! सख्ख्या भावाला माझ्या हाती देतेय! काय काळीज आहे पोरीचं!

१० ऑक्टोबर
तो हात पुढे करून आला. वाटलं, धरायलाच आला. मी गळ्यावर वार केला, तो वळला, सुरा कानावर बसला. अर्धा कान लोंबत होता. मी पुन्हा हात उगारला. तो गुडघ्यांवर बसला, बोटांमधून रक्त. "अरे... माफी मागायला आलो होतो मी."
पळालो.

११ ऑक्टोबर
बागेतलं प्रकरण वाचलं. येशूला धरायला लोक येतात. त्याचा एक शिष्य तलवार उपसतो आणि एका चाकराचा कान उडवतो. येशू त्याला म्हणतो, तलवार म्यानात घाल. मग त्या चाकराचा कान हात लावून बरा करतो.
कान!
वाचनालयात धावलो. ती काउंटरवर नाही. पोलीसही आले नाहीत. का नाही आले?

१४ ऑक्टोबर
बैल शेडमध्ये आला. डोक्याला पट्टी. दवाखान्यात सांगितलंय म्हणे, पत्रा लागला. "ते पुस्तक माझं. तुझा दात पाडला त्या दिवशी झोप लागली नाही, म्हणून तुझ्यासाठी मीच तिच्याकडे दिलं." मग त्या कादंबरीचा दुसरा भाग माझ्यापुढे आपटला. "कान पुस्तकातच जुळतो रे. बस. मोठ्यानं वाच – या चांगल्या कानाच्या बाजूनं. आणि एक जरी पान गाळलंस, तर दुसरा दात!"