बाबांचं सोंग

१८ डिसेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? मी ठीक. थिएटरच्या तिकीट खिडकीवरच बसते अजून, आणि खुर्ची अजूनही डावीकडे कलते.

या आठवड्यात आमच्याकडे नाताळचा आपला तो सिनेमा लागलाय. भेटवस्तू वाटणारा म्हातारा धुराड्यात अडकून मरतो, आणि सणाचा विचका नको म्हणून घरचे त्याची टोपी सारखी करून त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवतात, तोच. काल एक बाई खिडकीशी तणतणल्या, "सणासुदीला मढी कसली दाखवता?" मी म्हटलं, "बाई, गेलेली माणसं सणालाच जास्त आठवतात. इथे निदान त्यांना ताट तरी वाढतात." गुमान तिकीट काढून आत गेल्या.

आई गेली त्या वर्षी बाबांनी आपल्याला हाच सिनेमा दाखवला होता. महिन्याभरात पहिल्यांदाच तिघं हसलो. मग दर नाताळला तोच. टेबलाचं दृश्य आलं की बाबा मान टाकून, जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग करायचे. गुदगुल्या केल्याशिवाय उठायचे नाहीत.

दादा, गेल्या नाताळला बाबा दुपारी झोपेत गेले, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे. सिनेमा चालू होता. ते दृश्य आलं आणि त्यांनी मान टाकली. मी टाळ्या वाजवल्या. "आज तर कमालच केलीत," मी म्हणाले, आणि हसत बसले. दृश्य संपलं तरी ते उठेनात, तेव्हा मी त्यांना गुदगुल्या केल्या.

लगेच कळलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. रोज मनाला समजावते, ते ऐकत नाही. अंत्यसंस्काराच्या वेळी मला हसू फुटलं. "लाज वाटत नाही?" म्हणून तू चारचौघांत ओरडलास, आणि बोलणंच टाकलंस. तुझं काही चुकलं नाही. पण त्यांची मान त्याच बाजूला कलली होती रे. मला वाटलं, आता उठतील.

पंचवीसच्या दुपारच्या खेळाला मधल्या रांगेत तीन खुर्च्या राखून ठेवल्यात. तो सिनेमा मला एकटीला बघवत नाही, आणि सोडवतही नाही. हवं तर बोलू नकोस, पण ये. ते दृश्य संपेपर्यंत माझा हात धरून बस.

बाबांना शेवटच्या गुदगुल्या केलेली,
तुझीच
ठकी