तटस्थ अध्यक्ष आणि दोन मिसळी

३ जानेवारी, शुक्रवार
दोहाच्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. वॉशिंग्टनही एकमतानेच निवडून आला होता. (त्याच्या वेळी बाकीचे उमेदवार पार्किंग शोधत नव्हते, एवढाच फरक.) पहिल्या अमेरिकन अध्यक्षांवर पुष्कळ वाचलंय. घरात बंड, बाहेर इंग्लंड-फ्रान्स. आमच्याकडे नाशिक-पुणे. संक्रांतीच्या मेळाव्यात मिसळ कुठली, यावर मंडळ फुटायला आलंय.
संकल्प: मंडळ एकसंध ठेवायचं. दोन टर्म करून निवृत्ती. निरोपाचं भाषण आजच लिहून काढलं. पाऊण तासाचं. दोन्ही गट रडतील.

७ जानेवारी, मंगळवार
ग्रुपवर तटस्थतेची घोषणा केली. नाशिक गटाची प्रमुख नीलांबरी, म्हणजे माझी बायको. तिने विचारलं, रोज कोणाच्या हातचं गिळता? मी वॉशिंग्टनचं उदाहरण दिलं. रात्री ताटात नुसता भात. तटस्थ.

९ जानेवारी, गुरुवार
अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटवर मीटिंग. पुणे गटाचा कुणाल नाशिकच्या रश्शाला म्हणाला, "काकू, हे तर इंजिन ऑइल." नीलांबरीने पळी हाणली. भुवई फुटली, सोफ्यावर रक्त. मी मध्ये उभा राहून ऐक्यावर बोलू लागलो. दुसरी पळी मला. त्या काळी समुद्रात तटस्थ अमेरिकन जहाजांवरच दोन्हीकडून तोफा चालत. म्हणजे धोरण बरोबर आहे.

११ जानेवारी, शनिवार
इंग्लंड-फ्रान्सला नमवायला अध्यक्ष जेफरसनने आपलीच बंदरं बंद केली होती. मी आमच्याकडे जमा झालेलं दोन्ही गटांचं मिसळीचं सामान बेडरूमच्या कपाटात कुलूपबंद केलं. शरण येतील.

१३ जानेवारी, सोमवार
त्यातली मटकी भिजवलेली होती, हे कोणी सांगितलं नाही. हात-हात मोड. वास सहन होईना, सोफ्यावर झोपलो. जेफरसनच्या बंदरबंदीनेही त्याचेच व्यापारी बुडाले. थोरांचं असंच होतं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. आता गोडीने. शुक्रवारच्या मेळाव्यासाठी तिळगुळाचे लाडू स्वतः वळले. पाक थोडा पुढे गेला. नीलांबरीने एक ओट्यावर आपटला. ओट्याला टवका. लाडू शाबूत. मी म्हटलं, राज्यघटनाही टिकाऊच असावी लागते.

१७ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.
मेळावा अबू हमूरच्या भाड्याच्या व्हिलात. दोन्ही गट चोरून आपापली मिसळ घेऊन हजर. मी माइक घेतला. "बंधुभगिनींनो, गटबाजी हे विष आहे." तेवढ्यात कुणालने नाशिकच्या पातेल्यात पोहे ओतले. नीलांबरीने उकळता रस्सा त्याच्या बुटांवर. मग खुर्च्या. जोशीकाकांचा दात पडला. माझे लाडू दारात परातभर मांडलेले होते. दारूगोळा म्हणून अप्रतिम. दोन कपाळं, एक टीव्ही आणि एक मनगट फुटलं. मी बोलतच होतो. "मित्रहो" म्हणायला तोंड उघडलं आणि एक लाडू जबड्यावर बसला. नेम कुणालवर होता, असं नीलांबरी म्हणते.
अध्यक्ष मॅडिसनचं घर, व्हाइट हाऊस, इंग्रजांनी जाळलं तेव्हा त्याच्या बायकोने वॉशिंग्टनचं चित्र वाचवलं. माझ्या बायकोने कुकर वाचवला.
व्हिलाचा मालक पोलिसांना बोलावतो म्हणाला. सगळ्यांना आपापला व्हिसा आठवला. खलास. रक्त पुसून पंगत बसली. पातेलं एकच उरलं होतं, पोहे पडलेलं. कुणाल म्हणाला, काकू, हे बरं लागतंय. तिने त्याला आणखी वाढलं.
मंडळ एकसंध झालं. माझं धोरण यशस्वी.

१८ जानेवारी, शनिवार
जबडा तारेने बांधलाय. महिनाभर बोलायचं नाही. नवी अध्यक्ष नीलांबरी, उपाध्यक्ष कुणाल. बिनविरोध.
स्ट्रॉने रस्सा पाजताना तिने फोन दाखवला. माझ्या निरोपाच्या भाषणाचा सारांश कुणालने ग्रुपवर टाकलाय: "अनंतराव थांबतात. शुभेच्छा."
खाली नीलांबरीचं उत्तर: "इतकं गोड ते पहिल्यांदाच बोलले."