खैरूनचा चेहरा

दुबई, ३ एप्रिल १९६५
हमीदने गावी पुन्हा लिहिलं, सर्व खुशाल. कोण खुशाल? सून खैरून महिनाभर अंथरुणात, डॉक्टर म्हणतो मुंबईला न्या. आणि हा माझा मुलगा म्हणतो, "अम्मा, सुट्टी मिळू दे, इन्शाल्ला पुढच्या बोटीने." किती बोटी गेल्या अशा. खैरूनच्या आईला आता फोटोच पाठवते, बघ म्हणावं खुशाली. हमीदचा कॅमेरा पेटीत पडून आहे. फोटोवाला पुरुष घरात नको, मीच काढीन.

६ एप्रिल
फिल्मच्या खोक्यात चिठ्ठी. सूर्याचं चित्र, ढगाचं चित्र, पुढे आकडे. आकडा मोठा तर कॅमेऱ्याच्या आतलं भोक बारीक, उजेड कमी. उलटा कारभार. खैरूननेच समजावलं, दम लागला तिला. अंगणात बसवली. शेजारच्या गच्चीवरून दिसू नये म्हणून पांढरी चादर बांधली.

१४ एप्रिल
फोटो धुऊन आले. पांढरे फटक. चादर, चुन्याची भिंत, वाळू, चहूकडून ऊन. चिठ्ठीतला सूर्य भलत्या मुलखातला. खैरून म्हणाली, "अम्मा, आताच कफन घातलंत की." मेली, बोलते बघा.

२३ एप्रिल
गेल्या आठवड्यात घरात काढला होता. भोक मोठं केलं, कॅमेऱ्याची झापड सावकाश मिटेल अशी ठेवली. नेमका तिला खोकला आला. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. हमीद कुरकुरला, दुकानातला परका माणूस बायकोचं तोंड बघतो. म्हटलं, तू तरी बघ मग.

२ मे
शेजारच्या अरब बाईने काळा अबाया दिला, त्यांचा बुरखा. चादरीऐवजी तो टांगला. उंबऱ्यात सावलीला बसवली, ढगाचा आकडा लावला. श्वास धर म्हटलं. "यल्ला, दाबा लवकर," म्हणते.

९ मे
स्वच्छ आला. नको तेवढा. गालफडं वर, डोळे खोल, मानेच्या शिरा... काही लपलं नाही. खैरून बघतच राहिली. "हा आईला नका पाठवू." हमीदने पालथा ठेवला. चांगला येईपर्यंत थांब म्हणाला. चांगलाच आलाय, म्हटलं.

१२ मे
बोट सुटली. खैरून इथंच. फोटो गेला, दापोलीच्या एका बाईबरोबर धाडला. खैरून भिंतीकडे तोंड करून आहे, माझ्याशी बोलत नाही. पेजही परत पाठवली. तिच्या आईची तार येईल, शिव्या येतील. हमीदला बजावलंय: पत्र लिहायला मुन्शी नको, मीही लिहिणार नाही. जबाब तू द्यायचा, आणि तिच्या उशाशी बसून लिहायचा.